आईचा नकार

१७४६ च्या सप्टेंबरात, अमेरिकेतील व्हर्जिनिया या ब्रिटिश वसाहतीत, रॅपहॅनक नदीकाठच्या एका शेतावर राहणाऱ्या विधवा आईपुढे तिच्या चौदा वर्षांच्या मुलाच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहिला. मुलाचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याची ओळख आपणा सर्वांना शाळेतच झाली. परंतु त्या वर्षी तो नौदलात जावयास निघाला होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

वडील ऑगस्टिन १७४३ मध्ये निवर्तले, तेव्हा जॉर्ज अकरा वर्षांचा होता. सावत्र थोरल्या भावांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. जॉर्जच्या वाट्यास ती संधी आली नाही. त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठा असलेला लॉरेन्स हाच त्याचा आदर्श. लॉरेन्सने १७४१ च्या कार्ताहेना मोहिमेत अॅडमिरल व्हर्नन यांच्या हाताखाली काम केले होते, आणि त्यांच्याविषयीच्या आदरापोटी आपल्या घरास माउंट व्हर्नन असे नाव दिले होते. धाकट्या भावास मिडशिपमन म्हणून जहाजावर जागा मिळावी, यासाठी त्याने खटपट चालविली.

आई मेरी हिने प्रथम होकाराची तयारी दाखविली आणि मग ती डळमळू लागली. चरित्रकारांनी तिला हट्टी, स्वार्थी ठरविले आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. ती स्वतः बालपणीच पोरकी झालेली. पदरी पाच मुले, त्यांत जॉर्ज सर्वांत थोरला. ज्या मोहिमेतून लॉरेन्स परतला, तीत हजारो माणसे रोगराईने दगावली होती, हेही तिला ठाऊक असणारच. तिने केवळ भीतीने निर्णय घेतला नाही. लंडनजवळ राहणारा तिचा भाऊ जोसेफ बॉल व्यवसायाने वकील होता. त्याला पत्र लिहून तिने सल्ला विचारला.

मामाचे उत्तर १७४७ च्या मे महिन्यातले आहे. भाच्याला दर्यावर पाठविण्यापेक्षा फुटकी भांडी सांधणाऱ्याकडे उमेदवारीस ठेवलेले बरे, असा त्याचा रोख होता. त्याने हिशेबच मांडला. व्यापारी जहाजावर महिना पन्नास शिलिंग मिळविणाऱ्या खलाशास नौदल बळजबरीने ओढून नेते, तेवीस शिलिंगांवर राबविते आणि कुत्र्यासारखे वागविते. बढतीसाठी वशिला लागतो. तो असणारे तेथे पुष्कळ आहेत, जॉर्जपाशी तो नाही. व्यापारी जहाजाचा कप्तान होण्यापेक्षाही तीनचारशे एकर जमीन आणि तीनचार गुलाम बाळगणारा मेहनती शेतकरी अधिक सुखात राहतो. गुलामांचा हा उल्लेख आज वाचवत नाही. पण त्या वर्गाची सुबत्ता कशावर उभी होती, हे त्यातून उघड होते.

आईने नकार दिला. जॉर्ज घरीच राहिला.

पण मामाने सांगितलेली शेती त्याने लगेच धरली नाही. घरात वडिलांची भूमापनाची साधने पडून होती, ती त्याने हाती घेतली. सोळाव्या वर्षी, १७४८ मध्ये, तो ब्लू रिज डोंगरापलीकडे शेनँडोआ खोऱ्यात मोजणीच्या तुकडीबरोबर गेला. सतराव्या वर्षी कल्पेपर परगण्याचा भूमापक म्हणून त्याची नेमणूक झाली. यात फेअरफॅक्स या बड्या जमीनदार घराण्याचा वशिला होता, हे मान्य केलेच पाहिजे. ज्या वशिल्याअभावी समुद्र बंद झाला, तोच जमिनीवर उपयोगी पडला! अठराव्या वर्षी त्याने स्वतःच्या कमाईतून जमीन विकत घेतली.

समुद्रप्रवास त्याने आयुष्यात एकदाच केला. १७५१ मध्ये क्षयाने आजारी असलेल्या लॉरेन्सला घेऊन तो बार्बेडोसला गेला. तेथे त्यास देवी आल्या. तो बरा झाला, लॉरेन्स मात्र पुढच्याच वर्षी वारला.

१७५५ मध्ये तो जनरल ब्रॅडॉकच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा आई माउंट व्हर्ननला येऊन पुन्हा आडवी आली. या वेळी त्याने ऐकले नाही. तो आता तेवीस वर्षांचा होता.

नौदलाशी त्याची गाठ पुढे पडली ती निराळ्याच रीतीने. १७७५ मध्ये सरसेनापती झाल्यावर त्याने ब्रिटिशांची रसद तोडण्यासाठी मासेमारीच्या गलबतांवर तोफा चढविल्या. १७८१ च्या सप्टेंबरात फ्रेंच आरमाराने चेसापीक उपसागराच्या मुखाशी ब्रिटिश आरमारास मागे हटविले, म्हणून यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस कोंडला गेला आणि १९ ऑक्टोबरला त्याच्या सैन्याने शरणागती पत्करली. हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, टिपूविरुद्ध मराठ्यांच्या साथीने लढला आणि गाझीपूर येथे वारला.

१७८९ च्या मार्चमध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेण्यासाठी न्यूयॉर्कला जाण्यापूर्वी, वॉशिंग्टन फ्रेडरिक्सबर्गला आईच्या भेटीस गेला. तिने ऐंशी ओलांडली होती आणि ती कर्करोगाने आजारी होती. त्यांची ती अखेरची भेट ठरली. ऑगस्टमध्ये ती गेली.