गॅलिलिओ आणि समुद्राची भरती-ओहोटी

गॅलिलिओचे नाव तुम्हांला दुर्बिणीमुळे ठाऊक आहे. पिसाच्या झुकत्या मनोऱ्यावरून त्याने गोळे टाकल्याची कथाही तुम्ही ऐकली असेल. तिला भक्कम पुरावा नाही, म्हणून ती येथे सांगत नाही. ज्या विषयासाठी त्याने आपली प्रतिष्ठा पणाला लावली, तो विषय मात्र शालेय पुस्तकांत क्वचितच येतो. तो विषय म्हणजे समुद्राची भरती-ओहोटी.

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा येथे झाला. वडील विन्चेन्झो संगीतज्ञ होते. वैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडून तो गणिताकडे वळला. १५९२ पासून अठरा वर्षे त्याने व्हेनिस प्रजासत्ताकातील पादुआ विद्यापीठात अध्यापन केले. १६१० च्या जानेवारीत त्याला दुर्बिणीतून गुरूचे चंद्र दिसले आणि त्याची कीर्ती युरोपभर पसरली.

व्हेनिसचे हे सान्निध्य लक्षात ठेवा. भूमध्य समुद्रात भरती बहुतेक ठिकाणी जेमतेम जाणवते. एड्रियाटिकच्या टोकाशी वसलेल्या व्हेनिसमध्ये मात्र उधाणाच्या दिवसांत पाणी सुमारे मीटरभर चढते-उतरते. त्या शहराला गोडे पाणी होड्यांतून आणले जाई. होडी एकाएकी मंदावली की आतले पाणी पुढच्या टोकाला चढते, तिने वेग घेतला की मागच्या. या साध्या दृश्यावर गॅलिलिओने आपली उपपत्ती उभारली. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही. तिच्या पृष्ठभागावरील कोणत्याही ठिकाणी रात्री या दोन गतींची बेरीज होते, दिवसा वजाबाकी. म्हणजेच समुद्राचे पात्र रोज एकदा वेग घेते व एकदा मंदावते, आणि आतले पाणी हिंदकळते. पृथ्वी स्थिर असती तर भरती आलीच नसती. ज्या अर्थी ती येते, त्या अर्थी पृथ्वी फिरते. कोपर्निकसच्या मताला हवा असलेला भौतिक पुरावा आपल्या हाती आला, अशी त्याची खात्री झाली. ८ जानेवारी १६१६ रोजी रोममध्ये त्याने हा विचार कार्डिनल ओर्सिनी यांना उद्देशून लिहून काढला. दोन महिन्यांच्या आत चर्चने कोपर्निकसचा ग्रंथ रोखला आणि गॅलिलिओला ते मत सोडण्याची ताकीद मिळाली.

आता तुम्ही विचाराल, मग चंद्राचे काय? आपल्या कोकणात तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची अंदाजे वेळ काढतात. उधाण आणि भांग हे शब्दही चंद्राच्या कलांशीच बांधलेले आहेत. युरोपातील खलाशांनाही हा संबंध माहीत होता. चंद्र पाण्याला ओढतो, असे केप्लरने १६०९ साली लिहिलेही होते. गॅलिलिओने ते मानले नाही. मध्ये काहीही नसताना दुरून पाणी ओढले जावे, ही कल्पना त्याला फलज्योतिषातील गूढ प्रभावांच्या जातीची वाटली. माझ्या मते हा हट्ट गूढवादाविरुद्धचा होता, आणि म्हणूनच तो इतका चिवट ठरला. त्याच्या उपपत्तीनुसार दिवसातून एकच भरती यायला हवी. प्रत्यक्षात बहुतेक किनाऱ्यांवर दोन येतात, आणि त्यांची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पहिली अडचण त्याने समुद्राच्या लांबी-खोलीवर ढकलली. दुसरीचे समाधानकारक उत्तर त्याच्यापाशी नव्हते. ते न्यूटनने १६८७ साली दिले: चंद्राची ओढ जवळच्या बाजूस अधिक व दूरच्या बाजूस कमी असते, आणि या फरकामुळे दोन्ही बाजूंना पाणी फुगते. सूर्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोन्ही मिळतात तेव्हा उधाण, अष्टमीच्या सुमारास एकमेकांना छेदतात तेव्हा भांग.

१६२३ मध्ये गॅलिलिओचा चाहता आठवा अर्बन या नावाने पोप झाला. पृथ्वीची गती केवळ गृहीतक म्हणून मांडण्याच्या अटीवर ग्रंथाला वाट मिळाली. ग्रंथाच्या नावातच भरती-ओहोटी असावी, असे गॅलिलिओच्या मनात होते. पोपला ते मान्य झाले नाही. १६३२ साली फ्लॉरेन्सला प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ लॅटिनमध्ये नव्हे, तर लोकांच्या इटालियन भाषेत आहे, आणि भाषेचे विद्यार्थी म्हणून तुम्ही त्याच्या रचनेकडे पाहावे. तीन व्यक्ती, चार दिवसांचा संवाद, आणि चौथा दिवस सर्वस्वी भरती-ओहोटीचा. सर्वशक्तिमान ईश्वर भरती कोणत्याही मार्गाने घडवू शकतो, तेव्हा तिच्यावरून पृथ्वीच्या गतीचा निष्कर्ष काढता येत नाही, हा पोपचा आवडता युक्तिवाद होता. तो ग्रंथात घालणे भाग होते. गॅलिलिओने तो घातला, पण अगदी शेवटी आणि सिम्प्लिचिओच्या तोंडी. म्हणजे चारही दिवस जो वादात हरत आला, त्याच्या. शब्द जवळजवळ तेच, पण बोलणारा बदलताच त्यांचे वजन गेले. पोपचा रोष ओढवण्यास हे एक कारण झाले.

२२ जून १६३३ रोजी रोममध्ये, वयाच्या सत्तरीकडे झुकलेल्या गॅलिलिओला गुडघे टेकून आपले मत नाकारावे लागले. पुढचे आयुष्य त्याने मुख्यतः फ्लॉरेन्सजवळील आर्चेत्री येथे नजरकैदेत काढले. गतिशास्त्रावरचा त्याचा थोर ग्रंथ १६३८ साली दूर हॉलंडमधील लायडनला छापला गेला. तोपर्यंत त्याची दृष्टी गेली होती.

दृष्टी जाण्याआधी त्याने चंद्राचे पुन्हा बारकाईने निरीक्षण केले होते. चंद्रबिंब किंचित डोलते, हे त्याच्या ध्यानात आले. १६३७ च्या नोव्हेंबरात व्हेनिसमधील एका स्नेह्याला याविषयी लिहिताना, या डोलण्याचे दैनिक, मासिक व वार्षिक कालखंड समुद्राच्या हालचालींच्या कालखंडांशी जुळतात, आणि समुद्रावर चंद्राचा अंमल चालतो असे सर्वच मानतात, याची त्याने आवर्जून नोंद केली. तो धागा पुढे नेण्यास डोळे उरले नव्हते. ८ जानेवारी १६४२ रोजी त्याचे आर्चेत्री येथे निधन झाले.