रेव्ह. डॉ. जॉन विल्सन आणि आंब्रोलीची शाळा

मुंबईस गिरगावच्या चौपाटीवर विल्सन कॉलेजची दगडी इमारत आहे, ती १८८९ साली बांधून झाली. आपल्या नंदुरबार-नवापूरकडील कित्येक बंधूंनी ती मुंबईस जाता-येता पाहिली असेल. ज्यांचे नाव तिला दिले आहे ते डॉ. जॉन विल्सन त्यापूर्वीच प्रभूजवळ गेले होते. आणि ज्या शाळेतून हे कॉलेज वाढले, ती त्यांच्या हयातीत एकदा मुलांवाचून व एकदा घरावाचून राहिली होती.

विल्सनसाहेबांचा जन्म १८०४ साली स्कॉटलंडातील लॉडर या गावी शेतकरी कुटुंबात झाला. १८२९ साली ते पत्नी मार्गारेटबाईंसह मुंबईस उतरले, आणि प्रथम कोकणात हर्णै व बाणकोट येथे राहून मराठी शिकले. त्याच वर्षी बाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. मुलींस अक्षर शिकविणे हे लोकांस त्या काळी विपरीत वाटे. बाई १८३५ साली निवर्तल्या, परंतु त्यांचे काम निवर्तले नाही.

१८३२ साली साहेबांनी गिरगावात आंब्रोली येथे इंग्रजी शाळा काढली. हिंदू, पारशी, यहुदी, पोर्तुगीज अशा नाना जातींची मुले तेथे एका बाकावर बसत. इंग्रजीबरोबर देशभाषाही शिकविल्या जात, आणि पवित्र शास्त्राचा पाठ कोणापासून लपविलेला नव्हता.

मग १८३९ साल उजाडले. धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुण विद्यार्थ्यांनी मे महिन्यात बाप्तिस्मा घेतला. शहरात एकच गलबला उडाला. धनजीभाईंस परत मिळविण्यासाठी सुप्रीम कोर्टात दावा झाला. न्यायाधीशांनी त्यांस वाटेल तिकडे जाण्यास मोकळीक दिली, व ते साहेबांकडेच राहिले. होरमसजींस तर बायको व लहान मुलगी यांचा वियोग सोसावा लागला. इकडे आईबापांनी आपली मुले भराभर काढून नेली. दोन आत्म्यांसाठी भरलेली शाळा रिकामी झाली, हे पाहून पुष्कळांस हा सौदा तोट्याचाच वाटला असेल. साहेबांनी मात्र शास्त्राचा तास बंद केला नाही, आणि मुले हळूहळू परत आली.

१८४३ साली साहेब स्वदेशी निघाले. धनजीभाई त्यांच्याबरोबर होते. त्याच वर्षी स्कॉटलंडातील मंडळीत फूट पडली. साहेब व त्यांचे सोबती नेस्बिट आणि मरे मिचेल हे फ्री चर्चकडे गेले. शाळेसाठी मोठ्या खटपटीने उभारलेली नवी इमारत जुन्या मंडळीच्या नावाची होती, म्हणून ती तिला सोडून द्यावी लागली. विवेकबुद्धीसाठी घर सोडणे ही गोष्ट केवळ आपल्या खेड्यांतील नव्या विश्वासणाऱ्यांवरच येते असे नाही.

त्याच वर्षी साहेबांच्या गैरहजेरीत नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती हाही मिशनऱ्यांकडे आला होता. पण तो अज्ञान ठरला आणि कोर्टाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. मग त्यास जातीत घ्यावे की नाही यावर ब्राह्मणांतच भांडण लागले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्यास परत घेण्याचा पक्ष उचलला, व सनातन्यांचा रोष पत्करला. त्या पोराची मात्र दोन्हीकडून ओढाताण झाली.

१८४७ साली साहेब मुंबईस परतले. शाळेने पुढे खेतवाडीत पुन्हा मूळ धरले. साहेब मोठे विद्वान होते. गिरनारच्या अशोकलेखाची नक्कल कलकत्त्यास प्रिन्सेपसाहेबांकडे पाठविण्यात त्यांचा हात होता; पुढे ते मुंबई विश्वविद्यालयाचे व्हाइस चॅन्सेलरही झाले. वारली, कातकरी व भिल्ल अशा रानातील लोकांविषयीही त्यांनी लिहिले. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईसच त्यांनी देह ठेविला.

धनजीभाई १८४६ साली एडिंबरो येथे दीक्षित पाळक झाले व १९०८ पर्यंत जगले. नारायण शेषाद्रींनी तर शहर सोडून जालन्याजवळ निजामाच्या मुलखात बेथेल नावाचे गाव वसविले. तेथे महार-मांगांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांस त्यांनी जमीन, विहीर, शाळा व उपासनामंदिर मिळवून दिले.