कंत्राटदार वालचंद

आमच्या बालाघाटावरून धावणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी आता राहिली नाही. तिच्या जागी रुंद रूळ आले. परंतु आमच्यापैकी पुष्कळांच्या घरी त्या गाडीच्या आठवणी सांगणारी वडील मंडळी आहेत. गोंदिया-जबलपूर हा तो मार्ग 1903 ते 1905 या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्याच सुमारास, येथून कित्येक कोस दूर सोलापूरकडे, तेवढ्याच रुंदीच्या दुसऱ्या एका लोहमार्गाच्या कामात एक तरुण प्रथमच कंत्राटदार म्हणून उतरत होता. त्याचे नाव वालचंद हिराचंद. पुढे त्यांनी जहाजे, विमाने आणि मोटारी यांचे कारखाने काढले म्हणून सारा देश त्यांना ओळखतो. आम्हास मात्र येथे त्यांच्या पहिल्या धंद्याविषयीच लिहावयाचे आहे.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरास झाला. घराणे मूळचे गुजरातचे, जैन, परंतु सोलापुरात स्थिरावलेले. घरी सावकारी व कापसाचा व्यापार चाले. त्यांनी मुंबई व पुणे येथील महाविद्यालयांत शिक्षण घेतले. तथापि पदवी न घेताच ते घरच्या पेढीवर परतले. तेथे त्यांचे मन रमले नाही. अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. बांधकामाची कामे कशी निघतात, साहेब लोक कशावर बोट ठेवतात, मोजमाप कसे होते व बिल कोठे अडते, हे सारे त्यांना ठाऊक होते. त्यांच्यापाशी नव्हते ते भांडवल. वालचंदांपाशी पैसा व पत होती, धंद्याची माहिती नव्हती. दोघांची भागीदारी जमली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशीकडील एका लहानशा तुकड्याचे काम त्यांच्या हाती आले.

हे काम लहान होते म्हणून त्यास क्षुल्लक समजू नये. ज्यांच्या घरी कोणी ठेकेदारी करीत असेल, त्यांस आमचे म्हणणे चटकन पटेल. काम मिळण्यापूर्वी अनामत भरावी लागते. काम चालू असता बेलदार, पाथरवट, गवंडी यांची मजुरी वेळच्या वेळी चुकवावी लागते. उलट सरकारचे अथवा कंपनीचे बिल सावकाश येते. शेवटचा दगड बसला की त्याच दिवशी कुदळी-फावडी व माणसे रिकामी होतात. म्हणून हातातले काम संपण्याआधीच पुढचे शोधावे लागते. आणि नवे काम देणारा पहिला प्रश्न हाच विचारतो की, यापूर्वी काय केलेत? त्या आडबाजूच्या रुळांनी फाटक-वालचंद पेढीला या प्रश्नाचे उत्तर मिळवून दिले. त्या आधारावर त्यांनी रेल्वेची आणखी कामे मिळविली.

पण केवळ एका प्रकारच्या गिऱ्हाइकावर विसंबून राहणे धोक्याचे असते. शिवाय मोठी कामे बहुधा विलायती कंपन्यांकडे जात. देशी कंत्राटदार म्हणजे खडी-माती पुरविणारा, अशी समजूत रूढ होती. ही समजूत कशी मोडावयाची? येथे वालचंदांनी जे केले ते आम्हास सर्वांत महत्त्वाचे वाटते. 1920 साली त्यांनी आपली पेढी टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत विलीन केली. आपल्या पेढीचे नाव पाटीवरून पुसले जाणे कोणास सुखाचे वाटेल? तथापि टाटा हे नाव पाठीशी असता जी दारे उघडणार होती, ती एकट्या सोलापूरकराला उघडली नसती, हे त्यांनी जाणले होते.

दारे उघडलीही. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटात पूर्वी गाडीला मध्येच थांबून उलट दिशेने चढावे लागे. 1929 च्या सुमारास तो प्रकार बंद झाला, तो नव्या बोगद्यांमुळे. आणि त्या बोगद्यांचे काम याच कंपनीचे होते. सह्याद्रीच्या कातळात बोगदा खोदणे हे खडी पुरविण्याचे काम नव्हे! तानसा तलावाचे पाणी मुंबईस नेणारे प्रचंड नळ टाकण्याचे कामही तिला मिळाले. म्हणजे रेल्वेच्या जोडीला आता नगरपालिका हेही गिऱ्हाईक झाले.

नळांवरून आणखी एक गोष्ट निघते. लोखंडी नळ महाग पडत. ऑस्ट्रेलियात ह्यूम नावाच्या कल्पक गृहस्थांनी साचा वेगाने फिरवून त्यात काँक्रीटचा नळ घडविण्याची युक्ती काढली होती. तिच्या आधारे वालचंदांनी 1926 मध्ये इंडियन ह्यूम पाइप कंपनी स्थापिली. गावोगावी पाणी व सांडपाणी यांची सोय करू पाहणाऱ्या पालिकांना असा नळ हवाच होता. त्याच वर्षी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचीही स्थापना झाली. पुढे 1935 मध्ये टाटा कन्स्ट्रक्शनचे नाव बदलून प्रीमियर कन्स्ट्रक्शन झाले.

वालचंदांचे सारेच बेत सुरळीत पार पडले असे मात्र नाही. एक काम स्थिरावण्यापूर्वीच दुसऱ्यात उडी घेण्याचा त्यांचा स्वभाव होता. 1919 साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘लॉयल्टी’ हे जहाज घेतले व सिंधिया कंपनी काढली. तेव्हा परकीय कंपन्यांनी भाडी उतरवून तिला जेरीस आणले. बंगळूरचा विमानाचा कारखाना 1940 मध्ये त्यांनी उभा केला. युद्धकाळात तो सरकारच्या ताब्यात गेला. कंत्राटाच्या कामात जो हिशेबीपणा ते पाळीत, तो इतर साहसांत त्यांनी सदैव पाळला असे आम्हास वाटत नाही.

अखेरच्या वर्षांत प्रकृती ढासळल्यामुळे 1950 च्या सुमारास ते कारभारातून निवृत्त झाले. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. लक्ष्मणराव फाटकांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. बार्शीचे ते अरुंद रूळही आमच्या रुळांप्रमाणेच उखडले गेले, आणि तेथूनही आता रुंद मार्गाची गाडी जाते.