दीपगृहातील लेक : ग्रेस डार्लिंग

बालाघाटकडील आमच्या किरनापुरात समुद्र कोठला? पाणी म्हणजे भाताच्या बांध्यांतले. पण लहानपणी तिन्हीसांजेपूर्वी कंदिलाची काच राखेने पुसण्याचे काम माझ्याकडे असे, आणि काच काजळलेली राहिली तर सारे घर बोले. म्हणूनच की काय, ग्रेस डार्लिंगचे नाव निघाले की मला ते प्रसिद्ध वादळ आधी आठवत नाही. तिच्या घरच्या दिव्यांची रोजची पुसापुशी आठवते.

ग्रेसचा जन्म २४ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील बँबरो गावी झाला. आजोबा दीपगृहाचे राखणदार, त्यांच्यामागून वडील विल्यम. नऊ भावंडांत ही सातवी. फार्न बेटांपैकी ब्राउन्समनवर त्यांचे बिऱ्हाड होते. १८२६ साली लाँगस्टोनच्या खडकावर नवे दीपगृह उभे राहिले, तेव्हा ते तिकडे हलले. हा खडक अगदी उघडाबोडका. भाजीपाला हवा तर होडी वल्हवीत जुन्या बेटावरच्या मळ्यात जायचे. मासे आपणच धरायचे, सूत घरीच कातायचे. शाळा म्हणजे वडीलच. पत्ते नि कादंबऱ्या यांना मात्र घरात थारा नव्हता. रात्रभर आळीपाळीने दिवा जागता ठेवायचा आणि उजाडले की परावर्तकांवरची काजळी पुसायची. भावंडे एकेक करून किनाऱ्याला गेली. आईवडिलांच्या हाताशी ग्रेस राहिली.

७ सप्टेंबर १८३८ ची पहाट. हलहून डंडीकडे निघालेली ‘फॉरफरशायर’ आगबोट बॉयलर गळू लागल्याने निकामी झाली आणि जवळच्या खडकावर फुटली. खिडकीतून ते ग्रेसला दिसले. धाकटा भाऊ त्या रात्री किनाऱ्यावर होता. एरवी तिघांनी वल्हवायची होडी बापलेकीने सुमारे मैलभर नेली. विल्यम खडकावर उतरले तेव्हा लाटांत ती एकटीने धरून ठेवणे हे, मला वाटते, सर्वांत अवघड काम होते. पहिल्या खेपेत चार पुरुष आणि डॉसन नावाची एक बाई आली. तिची दोन्ही मुले खडकावरच गेली होती. उरलेल्या चौघांना विल्यम वाचलेल्यांपैकी दोघांना घेऊन आणावयास गेले. नऊ जीव वाचले, आणि वादळ ओसरेपर्यंत त्या चिमुकल्या घरातच त्यांचे खाणेपिणे झाले.

पुढे कीर्ती आली, ती छळासारखी. बापलेकीला रौप्यपदके मिळाली, राणी व्हिक्टोरियाने पन्नास पौंड पाठविले. चित्रकार येऊ लागले. लोक तिच्या केसांची बट मागू लागले. सर्कशीचीही बोलावणी आली. ग्रेस गेली नाही. पण पत्रांना उत्तरे देता देता ती थकली.

२० ऑक्टोबर १८४२ रोजी क्षयाने तिचा अंत झाला. वय अवघे सव्वीस. बँबरोच्या दफनभूमीत तिला मूठमाती दिली. विल्यम मात्र पुन्हा खडकावर परतले, आणि १८६० पर्यंत त्यांनी तो दिवा सांभाळला.