वसईचे संत गोन्सालो गार्सिया

वसईच्या किल्ल्यांत येशूसंघाच्या ख्रिस्तमंदिराची दर्शनी भिंत आजहि उभी आहे. वसईंत त्या संघाच्या शाळेंत, सुमारें १५५७ सालीं जन्मलेले गोन्सालो शिकले. पिता पोर्तुगीज, माता एतद्देशीय. पुढें जपानांत ते धर्मशिक्षक व मग व्यापारी झाले. येशूसंघांत प्रवेशाची त्यांची इच्छा मात्र सफल झाली नाहीं. तरी ते खचले नाहींत. मनिला येथें फ्रान्सिस्कन बंधु होऊन १५९३ मध्यें दुभाषी म्हणून ते जपानास परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें २५ सोबत्यांसह त्यांनीं क्रुसावर प्राण अर्पिले. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें.

ते धर्मगुरु नव्हते. अवगत केलेली भाषा हीच त्यांची सेवा. कर्जत-खालापूरच्या मुलांस धर्मशिक्षणास बसवितांना आम्ही त्यांचीच मध्यस्थी याचितों.