मदर फिलिपीन दुशेन

फ्रान्स देशाच्या आग्नेय भागात, आल्प्स पर्वताच्या कुशीत, ग्रनोबल नावाचे शहर वसले आहे. या शहरात २९ ऑगस्ट १७६९ रोजी रोझ फिलिपीन दुशेन हिचा जन्म झाला. तिचे घराणे सुखवस्तू व नामांकित होते. वडील वकील असून सार्वजनिक कारभारातही त्यांचे वजन होते. आईचे माहेरही मोठ्या व्यापाऱ्यांचे. घरात कशाचीही वाण नव्हती. मुलगी मात्र लहानपणापासून करारी वृत्तीची होती. एखादी गोष्ट तिने मनात धरली, की ती तडीस नेल्यावाचून तिला चैन पडत नसे.

त्या काळी अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात राहून आलेले एक वृद्ध धर्मगुरू ग्रनोबलमध्ये होते. ते मुलांना त्या दूरदेशीच्या गोष्टी सांगत. तेथील अफाट नद्या, घनदाट अरण्ये आणि त्या अरण्यांतून राहणारे मूळ रहिवासी यांची वर्णने ऐकताना फिलिपीन देहभान विसरून जाई. मोठेपणी आपण त्या लोकांत जाऊन राहावे, त्यांच्या मुलांना शिकवावे, असे तिच्या बालमनाने तेव्हाच ठरवून टाकले. पुष्कळ मुले असे बेत करतात आणि विसरून जातात. फिलिपीन आपला बेत विसरली नाही. परंतु तो पुरा व्हावयास तिला साठ वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली.

बाराव्या वर्षी तिला शिक्षणासाठी शहरालगतच्या डोंगरउतारावर असलेल्या सेंट मेरीच्या मठात ठेवण्यात आले. तेथील धर्मभगिनींचे शांत व शिस्तीचे जीवन तिच्या मनात भरले. आपणही धर्मभगिनी व्हावे, ही इच्छा तिच्या ठायी दृढ होत आहे, असे दिसताच वडिलांनी तिला घरी परत आणले. पुढे काही वर्षे ती घरीच शिकली. घरची मंडळी तिच्या विवाहाचा विचार करू लागली. पण तिने त्यास साफ नकार दिला. अठरा वर्षांची झाल्यावर एके दिवशी ती एका वडीलधाऱ्या नातलग स्त्रीबरोबर मठात भेटीसाठी म्हणून गेली आणि तेथेच राहिली. घरी परतण्यास तिने नकार दिला. वडिलांनी अखेर मुलीच्या निश्चयापुढे मान तुकवली. मात्र पंचवीस वर्षे पुरी होईपर्यंत तिने अखेरचे व्रत घेऊ नये, अशी अट त्यांनी घातली.

ही अट घालण्यास कारणही तसेच होते. देशात असंतोष धुमसत होता. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. १७९२ मध्ये सरकारच्या आज्ञेने मठ बंद करण्यात आले आणि धर्मभगिनींना बाहेर पडावे लागले. फिलिपीन घरी आल्या. पण त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ज्या मठात त्या शिकल्या, त्याच मठाचा आता तुरुंग झाला होता. तेथील बंदिवानांना अन्नवस्त्र पोचविणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, रस्त्यावर भटकणाऱ्या निराधार मुलांना जवळ घेऊन त्यांना चार अक्षरे शिकविणे, अशी कामे त्यांनी अंगावर घेतली. त्या दिवसांत असे काम करणे जिवावर बेतण्याजोगे होते. कोण कोणाविरुद्ध तक्रार करील, याचा भरवसा नव्हता. तरीही त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही.

क्रांतीचा जोर ओसरल्यावर १८०१ साली त्यांनी मठाची ती जुनी इमारत खटपट करून परत मिळविली. इमारतीची पार दुर्दशा झाली होती. ती झाडून-पुसून, डागडुजी करून राहण्याजोगी केली. जुन्या धर्मभगिनींना बोलावणी पाठविली. काही आल्या, परंतु बदललेल्या परिस्थितीत त्यांचे मन रमेना व त्या निघून गेल्या. मठ पुन्हा पूर्वीसारखा नांदेल ही आशा मावळली.

याच सुमारास मादलेन सोफी बारा या तरुण धर्मभगिनीने मुलींच्या शिक्षणासाठी 'पवित्र हृदय संघ' स्थापन केला होता. १८०४ च्या डिसेंबर महिन्यात त्या ग्रनोबलला आल्या. फिलिपीन तेव्हा पस्तीस वर्षांच्या होत्या आणि सोफी बारा अवघ्या पंचविशीतल्या. तरीही आपल्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या या स्त्रीचे प्रमुखपद फिलिपीन यांनी आनंदाने मान्य केले, आणि आपला मठ त्यांच्या स्वाधीन केला. दोघींचा स्नेह अखेरपर्यंत टिकला.

अमेरिकेस जाण्याची इच्छा फिलिपीन यांनी सोफी बारा यांच्याजवळ बोलून दाखविली. ती इच्छा सोफी बारा यांना मोलाची वाटली. पण संघ नुकताच कोठे उभा राहत होता आणि फिलिपीन यांच्यासारखी कामाची माणसे थोडी होती. म्हणून त्यांनी थांबावयास सांगितले. फिलिपीन बारा वर्षे थांबल्या. हाती आलेले काम मनापासून करीत राहिल्या. १८१७ साली लुइझियानाचे बिशप द्युबूर पॅरिसला आले. आपल्या प्रांतात शाळा काढण्यासाठी त्यांना धर्मभगिनी हव्या होत्या. ही संधी हुकू नये म्हणून फिलिपीन यांनी सोफी बारा यांच्यापुढे गुडघे टेकून विनवणी केली. अखेर परवानगी मिळाली.

१८१८ च्या मार्च महिन्यात चार सहकारिणींसह त्या 'रेबेका' नावाच्या जहाजातून निघाल्या. ते दिवस शिडाच्या जहाजांचे होते. वादळे आणि समुद्र लागल्याने होणारा त्रास सोसत सुमारे दहा आठवड्यांनी, २९ मे रोजी, त्या अमेरिकेच्या किनाऱ्यास लागल्या. फिलिपीन यांचे वय तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. न्यू ऑर्लिन्सहून आगबोटीने मिसिसिपी नदीच्या प्रवाहाविरुद्ध सुमारे सहा आठवडे प्रवास करून त्या ऑगस्टमध्ये सेंट लुइस येथे पोचल्या.

तेथे त्यांची पहिली निराशा झाली. आपण मूळ रहिवाशांच्या मुलांत काम करणार, या आशेने त्या आल्या होत्या. परंतु बिशपांनी त्यांना मिसूरी नदीच्या काठावरील सेंट चार्ल्स या खेड्यात वसाहतवाल्यांच्या मुलींसाठी शाळा काढावयास सांगितले. मदर दुशेन यांनी ती आज्ञा शिरोधार्य मानली. ओंडक्यांच्या एका लहानशा घरात १४ सप्टेंबर १८१८ रोजी त्यांनी गरीब मुलींसाठी विनामूल्य शाळा सुरू केली. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस निघालेली ही पहिली विनामूल्य शाळा होय.

त्या शाळेचे पहिले वर्ष अत्यंत हालाचे गेले. थंडी अशी की, घरात भरून ठेवलेले पाणीसुद्धा गोठून जाई. पैशांची नेहमीच टंचाई असे. जळण आणणे, गाईंची निगा राखणे, बाग खणणे, स्वयंपाक करणे आणि मुलींना शिकविणे, ही सारी कामे या पाच स्त्रियांनाच करावी लागत. वर्षभरातच ते घर सोडून त्यांना जवळच्या फ्लोरिसंट गावी बिऱ्हाड हलवावे लागले. तेथे विटांचा मठ उभा राहिला; पण मदर दुशेन यांनी स्वतःसाठी जिन्याखालची चिंचोळी जागा निवडली. त्या तेथेच निजत. रात्री मुली झोपल्या, की त्यांचे फाटके कपडे शिवीत बसत.

पुढील दहा वर्षांत संघाची सहा ठाणी उभी राहिली. लुइझियानात ग्रां कोतो व सेंट मायकेल येथे शाळा निघाल्या, सेंट लुइस येथे अनाथ मुलींची सोय झाली, आणि १८२८ मध्ये सेंट चार्ल्सची शाळाही पुन्हा सुरू झाली. मूळ रहिवाशांच्या मुलींसाठी १८२५ साली फ्लोरिसंट येथे काढलेली लहानशी शाळा मात्र फार काळ चालली नाही. या कार्याची एक काळी बाजूही नमूद केली पाहिजे. त्या प्रदेशात तेव्हा गुलामगिरीची चाल होती आणि संघाच्या मठांतही गुलामांच्या श्रमांवर कामे चालत. ज्या संस्था परोपकारासाठी निघाल्या, त्यांनाही आपल्या काळातील हा घोर अन्याय मोडता आला नाही. पुढे एकविसाव्या शतकात संघाने ही चूक उघडपणे मान्य केली.

इतके काम उभे करूनही मदर दुशेन स्वतःला अपयशी समजत. इंग्रजी भाषा त्यांना कधीच नीट अवगत झाली नाही. मोठ्या वयात आलेल्या त्या विद्यार्थिनीच्या जिभेला ती वळेना. मुलींशी त्या फ्रेंचमध्ये बोलत. पण गावोगाव इंग्रजी बोलणारी वस्ती वाढत चालली होती. प्रमुखपदाचे ओझे उतरवावे, अशी विनंती त्या वारंवार करीत. १८४० साली ती मान्य झाली. त्यांचे वय आता सत्तरीच्या पुढे गेले होते आणि प्रकृती खालावली होती. लहानपणीचा बेत मनातच राहणार, असे कोणालाही वाटले असते.

त्याच वेळी एक निराळीच घटना घडली. अमेरिकेच्या सरकारने मूळ रहिवाशांना त्यांच्या वडिलोपार्जित भूमीवरून हुसकून पश्चिमेकडे घालविण्याचे धोरण चालविले होते. इंडियाना प्रांतातील पोटावाटोमी जमातीच्या ८५९ लोकांना १८३८ च्या सप्टेंबर महिन्यात सशस्त्र पहाऱ्यात घराबाहेर काढण्यात आले. सुमारे ६६० मैलांची वाट त्यांना दोन महिन्यांत तुडवावी लागली. उन्हाने, पाण्याच्या टंचाईने आणि तापाने वाटेत चाळीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत लहान मुलेच अधिक होती. उरलेले लोक आजच्या कॅन्सस राज्यातील शुगर क्रीक नावाच्या ओढ्याकाठी येऊन राहिले. त्यांच्या मुलींसाठी शाळा काढावयाची होती आणि तीन धर्मभगिनी तेथे जावयास निघाल्या होत्या.

मदर दुशेन यांनी आपणही बरोबर जाण्याचा आग्रह धरला. त्यांची प्रकृती पाहून सहकारिणींना काळजी वाटली. परंतु या मंडळींना घेऊन जाणारे धर्मगुरू फेरहागेन यांनी त्यांची बाजू घेतली. काम करणे झाले नाही, तरी त्यांच्या प्रार्थनेचे बळ सर्वांना मिळेल, असे त्यांचे मत पडले. अशा रीतीने जुलै १८४१ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मदर दुशेन पोटावाटोमी लोकांच्या वस्तीत पोचल्या. लहान मुलीने पाहिलेले स्वप्न वृद्धेच्या डोळ्यांपुढे प्रत्यक्ष उभे राहिले.

परंतु हात आता थकले होते. पोटावाटोमी भाषा त्यांना शिकता येईना. ते अनोळखी शब्द ध्यानात राहीनात. तरुण सहकारिणी मुलींना अक्षरे शिकवीत, शिवणकाम शिकवीत, आणि मदर दुशेन यांना मात्र त्या शाळेत एक धडाही देता येत नव्हता. ज्या कामासाठी सारा जन्म वाट पाहिली, ते काम समोर असताना हात बांधल्यासारखे बसावे लागणे, याहून मोठे दुःख कोणते असेल? पण त्या कुढत बसल्या नाहीत. जे जमत होते ते त्यांनी केले. आजाऱ्यांच्या झोपड्यांत जाऊन त्यांच्या उशाशी बसाव्यात, मुलांसाठी लोकरीचे मोजे विणावेत, आणि उरलेला सारा वेळ लहानशा प्रार्थनामंदिरात घालवावा, असा त्यांचा क्रम असे.

मुलांना या वृद्ध स्त्रीचे मोठे नवल वाटे. असे सांगतात की, त्या प्रार्थनेस बसल्या असताना मुलांनी एकदा हळूच मागून येऊन त्यांच्या झग्याच्या घोळावर बारीकसारीक तुकडे ठेवले. पुष्कळ वेळाने येऊन पाहतात, तो ते तुकडे जसेच्या तसे! वृद्धा जागची हललीसुद्धा नव्हती. पोटावाटोमी लोकांनी आपल्या भाषेत त्यांना नाव दिले. त्याचा अर्थ, सदैव प्रार्थना करणारी स्त्री. ज्यांच्याशी दोन वाक्ये बोलता आली नाहीत, त्या लोकांनी त्यांना असे ओळखले. घरदार हिरावले गेलेल्या माणसांना आपल्याजवळ शांतपणे बसून राहणाऱ्या माणसाचे मोल कळले होते.

तेथील कडक हिवाळा व अपुरे अन्न त्यांच्या शरीरास मानवले नाही. एका वर्षानंतर, १८४२ च्या उन्हाळ्यात, त्यांना सेंट चार्ल्सला परत बोलावण्यात आले. आणखी पश्चिमेस, रॉकी पर्वतापर्यंत जावे, अशी त्यांची उमेद होती. परंतु आज्ञा येताच त्या परतल्या. आयुष्याची अखेरची दहा वर्षे त्यांनी सेंट चार्ल्स येथील मठात, प्रार्थनामंदिराशेजारच्या एका लहानशा खोलीत काढली. १८ नोव्हेंबर १८५२ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. १९८८ साली रोमन कॅथलिक चर्चने त्यांना संतपद बहाल केले. त्यांनी ओंडक्यांच्या घरात सुरू केलेल्या शाळेच्या स्थापनेला २०१८ मध्ये दोनशे वर्षे पूर्ण झाली.

शुगर क्रीकच्या काठी आता ती वस्ती नाही. पोटावाटोमी लोकांना तेथूनही पुढे जावे लागले. त्या जागी मदर दुशेन यांच्या नावाचे एक स्मारक-उद्यान आहे. तेथे उभारलेल्या क्रूसांवर त्या भूमीत मरण पावलेल्या पोटावाटोमी माणसांची नावे लिहिलेली आहेत. मदर दुशेन तेथे केवळ एक वर्ष राहिल्या आणि एकाही मुलीला अक्षर शिकवू शकल्या नाहीत. तरी त्यांचे नाव त्या लोकांच्या नावांसोबत राहिले आहे. पुष्कळ मोठी कामे करून माणूस स्मरणात राहतो, हे खरेच. पण मोठे काम हातून होत नसतानाही जो दुःखितांची सोबत सोडत नाही, त्यालाही लोक विसरत नाहीत.