फॅनी ब्लँकर्स-कोएन

१९३६ साली बर्लिन येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत हॉलंडची एक अठरा वर्षांची मुलगी उंच उडीत सहाव्या क्रमांकापर्यंतच पोहोचली. तिचे नाव फॅनी कोएन. पुढे आपले मार्गदर्शक यान ब्लँकर्स यांच्याशी तिचा विवाह झाला. ऐन उमेदीच्या काळात महायुद्ध पेटले. १९४० व १९४४ चे सामने भरलेच नाहीत. जर्मनांनी व्यापलेल्या देशात संसार सांभाळून फॅनीने सराव मात्र सोडला नाही.

१९४८ साली लंडनला निघाली तेव्हा ती तीस वर्षांची, दोन मुलांची आई होती. घर सोडून धावावयास जाते म्हणून तिला बोल लावणारे पुष्कळ निघाले. शंभर मीटरची शर्यत तिने जिंकली. खरी कसोटी लागली ती ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत. आरंभीच ती मागे पडली. एका अडथळ्याला तिचा धक्काही लागला. तरी अखेरीस ती आणि इंग्लंडची मॉरीन गार्डनर जवळजवळ एकदमच फितीशी पोहोचल्या. इतक्यात ब्रिटनचे राष्ट्रगीत वाजू लागले. आपण हरलो, असे फॅनीला वाटले. वास्तविक ते राजघराण्याच्या आगमनाप्रीत्यर्थ होते! दोघींची वेळ ११.२ सेकंदच भरली, परंतु छायाचित्र पाहून पंचांनी फॅनीस विजयी ठरविले.

यानंतर घरच्या ओढीने तिचा धीर सुटला. पतीने समजूत घातली, तेव्हा ती दोनशे मीटर धावली आणि जिंकली. रिले शर्यतीचा शेवटचा टप्पा तिचा होता. पिछाडीवर असलेल्या हॉलंडला तिने पुढे नेले. हे तिचे चौथे सुवर्णपदक. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तिची मिरवणूक निघाली; शेजाऱ्यांनी तिला सायकल भेट दिली. २००४ साली ती निवर्तली.